कल्हईच्या डब्यातले झिंगे

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. म्हणून भंडाऱ्याच्या बाजारात भर दुपारी एका किराणा दुकानाच्या काउंटरवर मी झिंग्याच्या लोणच्याची बरणी आपटली आणि दुकानदाराला नाही नाही ते बोलले, तेव्हा ओळखीच्यांपैकी कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटायची पाळी माझी होती, आणि ती नंतर आली. पण ते सांगायचं तर आधी आमच्या घराचं पितळेचं वेड सांगावं लागेल, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही.

भंडारा हे पितळेचं गाव. आमच्या घरामागे बाबांचा छोटासा कारखाना होता. पाण्याचे गुंड, स्वयंपाकाचे गंज, पराती, झाकणाचे डबे, सगळं तिथेच ठोकून निघायचं. त्या ठोक्यांत मी अभ्यास केला, त्या ठोक्यांत झोपले, आणि म्हणूनच ही एवढ्या मोठ्याने बोलते, असं माझा नवरा म्हणतो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा भट्टी चालू होती. नंतर स्टीलने आधी शहरातली गिऱ्हाइकं नेली, मग खेड्यातली, आणि उरलीसुरली प्लास्टिकने. एक दिवस बाबांनी भट्टी विझवली ती विझवलीच. आई त्याच्या आधीच गेली होती. मी लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले होते. नवरा ऑफिसात, दिवसभर कागदांत. बाबा भंडाऱ्यात एकटे राहिले, सोबतीला घरभर पितळ.

प्लास्टिकशी त्यांचं उभं वैर. "त्याच्यात ठेवलं अन्न म्हनजे सावकाशीचं इख," म्हणायचे, म्हणजे हळूहळू चढणारं विष. बाजारातून काहीही आणलं, तेल असो की लोणचं, आधी ते पितळेच्या डब्यात रिकामं व्हायचं आणि बरणी भंगारात जायची. पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून आतून कल्हई हवीच. कारखाना गेला तरी बाबांनी अंगणातली लहान भट्टी आणि भाता ठेवला होता. घरातल्या भांड्यांना ते स्वतःच्या हाताने कल्हई करायचे. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, वर धातूची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा झरकन फिरवायचा. पिवळं भांडं बघता बघता आतून चांदीचं होऊन जायचं. मी लहानपणी ते तासन्‌तास बघत बसायचे.

हे नुसतं घरापुरतं नव्हतं. आमच्या गल्लीतली कोणाचीही लेक लग्न होऊन निघाली, की तिच्यासोबत जाणाऱ्या पितळी भांड्यांना बाबांनी कल्हई करून द्यायची, हा रिवाजच पडून गेला होता. मजुरी घेत नसत. "लेकीच्या भांड्याले कायची मजुरी," म्हणायचे.

दुसरा त्यांचा नेम मला जास्त छळायचा. लेकीच्या घरून माहेरचं भांडं रिकामं परत येता कामा नये. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचा डबा घासूनपुसून लख्ख केला आणि मोठ्या दिमाखात रिकामाच परत नेला. बाबांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"रिकामा आनला वं बाई? लेकीचं घर भरलं आहे का नाई, हे भांडं सांगत असते. मूठभर तांदूळ त टाकायचे."

तेव्हापासून मी काही ना काही टाकायचे. तांदूळ, गूळ, शेंगा. एकदा घाईत नुसता एक कांदा टाकला. बाबांनी तो कांदाही कौतुकाने काढून टोपलीत ठेवला.

आता झिंग्यांचं, म्हणजे कोळंबीचं सांगते. आमच्याकडे मासोळीशिवाय जेवण म्हणजे घरात कोणीतरी आजारी आहे असं समजायचं. पण वैनगंगेवर खाली धरण झालं, पाणी तुंबत तुंबत भंडाऱ्यापर्यंत आलं, आणि नागपूरचं सांडपाणी त्यात येऊन साचायला लागलं. पुलावरून जाताना नाकाला पदर लावायची वेळ आली. बाबांनी नदीची मासोळी बंद केली. मग घरात समुद्राचा माल शिरला. बाजारातल्या एका दुकानात झिंग्याचं लोणचं मिळायला लागलं होतं, प्लास्टिकच्या बरणीत, लांब किनाऱ्यावरून आलेलं. समुद्र म्हणजे एवढं अफाट पाणी, त्याला कोण घाण करणार, असं आमचं साधंसरळ डोकं चाललं. बाबा बरणी आणायचे, डब्यात रिकामी करायचे आणि वरून लिंबं पिळायचे, कारण दुकानातलं लोणचं त्यांना मिळमिळीत लागायचं. मग ते चांगलं मुरू द्यायचे. मुरलं की डबा माझ्या घरी यायचा.

माझी पोरगी तेव्हा पहिलीत होती. तिला त्या लोणच्याचं असं वेड, की वरण नको, भाजी नको, आबाजीचं लोणचं पाहिजे. सुट्टीच्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो की बाबा तिला मांडीवर घ्यायचे आणि भाताच्या घासात एकेक झिंगा लपवून भरवायचे. "कुठी गेला वं झिंगा?" म्हणून विचारायचे, आणि ती आ वासून रिकामं तोंड दाखवायची. बाबांच्या उजव्या हातात तेव्हाच जोर राहिला नव्हता. मनगट खाली लोंबायचं, चहाचा कप हातातून सुटायचा. जन्मभर हातोडा मारलेला हात, थकणारच, असं आम्ही म्हणायचो. नातीला भरवताना मात्र तो हात कसाही करून तिच्या तोंडापर्यंत जायचा.

त्या हिवाळ्यात पोरीचं पोट दुखायला लागलं. आधी मला वाटलं, शाळा बुडवायचे नखरे आहेत. मग ती दुखण्याने दुमडून कोपऱ्यात बसायला लागली. रंग उडाला, ओठ पांढरे पडले. जवळच्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं, दुसऱ्याने रक्तवाढीचं टॉनिक. बाबांनी मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या, आणि ठसका लागला नाही म्हणून नजर लागल्याचं पक्कं केलं. मी सगळं केलं. कोणी काहीही सांगावं आणि मी करावं, अशी माझी गत झाली होती.

मग शाळेतून बोलावणं आलं. तिच्या बाई म्हणाल्या, "येत होती तीही अक्षरं विसरून राहिली ही. अन् भल्ली चिडते. अशी नव्हती ना."

घरी येऊन मी पाटी काढली आणि पोरीला 'क' काढायला सांगितला. तिने खडू धरला. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"आठवत नाई ना आई," म्हणाली, आणि रडायला लागली.

दिवाळीत हीच पोरगी अंगणभर खडूने 'क' काढत फिरली होती. तिच्या पोटदुखीने मी जेवढी घाबरले नव्हते, तेवढी त्या कोऱ्या पाटीने घाबरले.

आम्ही तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, रक्त काढलं. पुढच्या खेपेला पोरीला बाहेर नर्सजवळ बसवलं आणि आम्हा दोघांना आत घेतलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ आहे."

"शिसं म्हणजे धातू?" नवऱ्याने विचारलं.

"धातू. पोटातून रक्तात जातं, हाडात जाऊन बसतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला धरतं. पोट त्यानेच दुखतं. विसरते तेही त्यानेच."

लोखंड, पितळ, तांबं हे मी भट्टीवर पाहिलेलं. ते पोरीच्या अंगात, तिच्या एवढ्याशा हाडांत, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी विचारलं, "विसरलेलं परत येईल का?"

"शिसं आत जाणं थांबलं, तर पुष्कळ सुधारेल. सगळंच परत येईल असं मी म्हणणार नाही. आधी ते येतं कुठून ते शोधा. ते सापडेपर्यंत माझ्या औषधांचा फारसा उपयोग नाही."

त्यांनी घराच्या रंगाचं विचारलं, खेळण्यांचं विचारलं, काजळाचं विचारलं. मग आम्हा दोघांचंही रक्त घेतलं. नवऱ्याचं ठीक निघालं. माझ्यात थोडं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही दोघी असं काय खाता, जे हे खात नाहीत?"

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहायला लागलो. झिंग्याचा वास आला तरी हा माणूस ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातो.

"झिंगे," मी म्हणाले. "झिंग्याचं लोणचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी अजूनच हबकले. समुद्रात म्हणे सगळ्या जगाचं सांडपाणी जातं. कारखान्यांचं जड, विषारी असं काही बाही जातं, ते मासोळ्यांच्या अंगात साठतं. मोठ्या मासोळीत पारा असतो, झिंग्या-शिंपल्यांत आणखी दुसरं काही. बरणीबंद माल कुठल्या पाण्यातला, कुठे शिजवला, कशात भरला, खाणाऱ्याला काही पत्ता नसतो. म्हणजे आम्ही वैनगंगेच्या घाणीला भिऊन पळालो आणि त्याहून मोठ्या घाणीच्या तोंडी गेलो. घरातलं लोणचं आणून द्या, आणि दुकानातली एक बंद बरणीही द्या, दोन्ही तपासायला पाठवते, असं त्या म्हणाल्या.

तिथून मी तडक भंडाऱ्याच्या त्या दुकानात गेले. मग काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. लोकांच्या लेकरांना इख विकता, तुमच्या तोंडात घास कसा जातो, असं सगळं मी भर बाजारात बोलले. दुकानदार म्हातारा होता. त्याने माझं ऐकून घेतलं, तोंडातला तंबाखूचा खर्रा बाहेर थुंकून आला आणि मग बोलला.

"बाई, मी का समुद्रात जाऊन झिंगे धरतो? आला माल, विकला. पन हे पाहा." त्याने मागे बोट दाखवलं. पोत्यांच्या थप्पीवर माझ्या पोरीएवढीच एक मुलगी बसून मोठमोठ्याने पुस्तक वाचत होती. "माझी नात आहे. रोज हेच लोनचं खाते. आता तुमी असं सांगून राहिल्या, त माझाही जीव घाबरला. ही सीलबंद बरनी न्या. खराब निघाली त मले पहिले सांगा, पैसे देऊ नका."

ती मुलगी अडखळली नाही, थांबली नाही, धडाधडा वाचत राहिली. मला तिचा राग आला. अगदी खरं सांगते, त्या लेकराचा राग आला.

नवऱ्याने बंद बरणी आणि आमच्या डब्यातलं थोडं लोणचं, दोन्ही नागपूरला नेऊन दिलं. बाबांना मी एवढंच सांगितलं, की पोरीच्या रक्तात खराबी आहे आणि झिंग्यांवर डॉक्टरांना शंका आहे. शिसं वगैरे काही बोलले नाही. म्हटलं म्हातारा माणूस, एकटा राहतो, त्याच्या जीवाला घोर कशाला.

"म्या म्हनतच होतो," बाबा म्हणाले. "प्लास्टिकच्या बरनीतलं आहे ना ते. लागनच."

मी परत नेलेल्या डब्यातलं उरलेलं लोणचं त्यांनी मातीत पुरलं. डबा राखेने घासला, अंगणात भट्टी पेटवली आणि आत नवीकोरी कल्हई केली. त्यात आवळ्याचा मोरावळा केला. आवळ्याने रक्त वाढतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन स्वतः जवाहरनगरला आले, आणि पोरीला म्हणाले, "रोज दोन चमचे. आबाजीची शपथ." पोरीने शपथ मोडली नाही.

झिंगे बंद होते, तरी त्या आठवड्यात तिचं पोट जास्तच दुखलं. जमिनीवर लोळायची. मला काही सुचेना. ज्याच्यावर संशय तेच बंद केलं, तरी लेकरू का तळमळून राहिलं?

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पोरगी ओट्याशी स्टुलावर बसली होती, पुढ्यात डबा, हातात चमचा.

"बंद बरणीतलं लोणचं तसं ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किरकोळ आहे, मर्यादेच्या आत. म्हणजे रोज खावं असं नाही, पण त्याने हे झालेलं नाही. तुमच्या घरातल्या नमुन्यात मात्र शिसं भयंकर आहे. लोणचं तेच ना? मग तुम्ही ते ठेवता कशात?"

मी डब्याकडे पाहिलं. झाकण उघडं होतं. आतली कल्हई खिडकीच्या उजेडात चमकत होती. पोरीने मोरावळ्याचा चमचा भरला आणि तोंडाशी नेला.

फोन कुठे पडला ते मला कळलं नाही. मी तो चमचा तिच्या हातातून हिसकला, तोंडात बोट घालून होतं नव्हतं ते बाहेर काढलं. ती भेदरून ओरडायला लागली. "आबाजीनं सांगतलं ना, आबाजीनं सांगतलं," एवढंच म्हणत राहिली. मी तिला छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी नवरा तिला घेऊन नागपूरला गेला, आणि मी डबा घेऊन बाबांकडे गेले. बसमध्ये मी रागाने धुमसत होते. जाऊन काय काय बोलायचं ते मी सगळं ठरवून ठेवलं होतं.

बाबा अंगणात उन्हात बसले होते. डबा पाहून हसले, हात पुढे केला, झाकण उघडलं.

"रिकामा आनला?" म्हणाले.

"बाबा," मी म्हणाले, "कल्हई कशानं करता तुमी?"

"काहून?"

"सांगा ना."

त्यांना वाटलं, मला शिकायचं आहे. जन्मात मी ह्या कामात पडले नव्हते, त्यामुळे ते खूश झाले. उठून आत गेले आणि कापडात बांधलेल्या कांड्यांची जुडी घेऊन आले.

"कथलानं करायची असते, असली म्हनशीन त. पन आता चांगलं कथील भेटते कुठी? अन् भेटलं तरी त्याले आंच भल्ली लागते. माह्या हातानं आता भाता चालत नाई, बाई. मंग आपल्या कारखान्यातल्या ह्या जोडाले डाग द्यायच्या कांड्या होत्या पडून. अर्धं कथील, अर्धं शिसं. थोड्या आंचेवर लोन्यावानी पसरते. अन् चमक पाहा, असली कल्हईपेक्षा जास्त."

ज्या शब्दाने आमच्या घरातली झोप उडवली होती, तो शब्द बाबांनी बाजारातल्या भाजीचं नाव घ्यावं तसा घेतला. पितळ कसं कळकतं हे ह्या माणसाला जन्मापासून ठाऊक, आणि शिशाचं त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. कारखान्यात त्याने ते फक्त बाहेरून जोड द्यायला वापरलं होतं. भांड्याच्या आत ते कधी गेलंच नव्हतं, म्हणून विचारही कधी आला नव्हता.

न सांगून चालणार नव्हतं. घरातल्या सगळ्या भांड्यांत तीच कल्हई होती आणि बाबा दोन्ही वेळ त्यातच जेवत होते.

"बाबा, पोरीच्या रक्तात शिसंच निघालं."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. लोंबत्या हातातली जुडी त्यांनी हळूच जमिनीवर ठेवली आणि हात धोतराला पुसत राहिले, पुसतच राहिले.

"म्या त तिच्यासाठीच नवी केली," एवढंच म्हणाले.

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते.

बाबांचंही रक्त तपासलं. पोरीपेक्षा जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि मनगट वर उचलायला सांगितलं. उचलेना. हे म्हातारपण नाही, त्या म्हणाल्या, जन्मभर भट्टीवर ह्याचा धूर घेतला, त्याने हा हात गेला आहे. मी त्यांच्या टेबलाकडे बघत बसले. शिशाने हात गेला, हात गेला म्हणून भाता चालेना, भाता चालेना म्हणून पुन्हा शिसंच घेतलं, आणि ते माझ्या लेकराच्या घासात आलं. इतकी वर्षं ते लोंबतं मनगट आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही त्याला थकवा म्हणत होतो.

पोरीला दवाखान्यात ठेवावं लागलं, औषधं झाली. पोट दुखायचं थांबलं, ओठांवर रंग आला. उन्हाळ्यात एका दुपारी तिने आपणहून पाटी घेतली आणि 'क' काढून दाखवला, जरा वाकडा होता. मी तो दोन दिवस पुसू दिला नाही. पुढे वाचायला शिकली, पण अजूनही मधेच एखादा शब्द तिच्या हातून निसटतो आणि ती माझ्याकडे बघते. तो सगळ्यांचाच निसटतो तसा निसटला, की त्या डब्याने नेला, हे मला कोणीच सांगू शकत नाही.

बाबांनी तिला भरवणं सोडलं. ती मांडीवर येऊन बसली की हात पाठीमागे घ्यायचे आणि म्हणायचे, "आई देईन तुले." ती रुसायची. त्यांचा हात काही पुढे यायचा नाही.

एकदा ते असेच अंगणात बसले होते आणि मी चहा देत होते. एकदम म्हणाले, "अन् त्या लेकी?"

"कोणत्या?"

"आपल्या गल्लीतल्या. ज्यायची भांडी म्या करून देल्ली."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. हात गेल्यापासून, ह्या कांड्या धरल्यापासून, ज्या ज्या लेकी ह्या गल्लीतून निघाल्या त्या सगळ्या आतून चमकणारी भांडी घेऊन गेल्या होत्या. बाबांना एकूण एक पोरगी आठवत होती. कोणाला गंज, कोणाला परात, कोणाची कुठे सोयरीक झाली, सगळं. फोनवर सांगू, मी म्हणाले. "फोनवर हसतीन त्या," बाबा म्हणाले. "म्हनतीन काकाचं डोस्कं फिरलं. मले गेलं पाहिजे."

तसे आम्ही फिरलो, बापलेक. नाकाडोंगरीला गेलो, तिथल्या पोरीने परात कधीच मोडीत टाकली होती. बाबा तिच्या ओसरीवर बसून देवाचं नाव घेत राहिले. एकीकडे भांडं रुखवताचं म्हणून नुसतं फळीवर मांडलेलं निघालं. एकीकडे सासूने आम्हाला दारातूनच वाटेला लावलं, की दिलेलं भांडं परत मागायला लाज नाही वाटत. एरवी मी तिला सोडली नसती. बाबांनी हात जोडले, म्हणून मीही जोडले. मग माझ्या नवऱ्याने जाऊन समजावलं, तेव्हा भांडं मिळालं.

शेवटी दिघोरी उरलं. धान कापून झालं होतं, शेतांतल्या बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. तिथली पोरगी आमच्या शेजारचीच, लहानपणी बाबांच्या भट्टीपाशी माझ्यासोबत बसलेली, वयाने माझ्याहून बरीच लहान. कडेवर लेकरू होतं, वर्षाचं असेल. बाबांना पाहून धावत आली, पाया पडली.

"काका, तुमी? एवढ्या दूर?"

"बाई, तुले तो गंज देल्ला होता ना, लग्नात," बाबा म्हणाले. "तो पाहिजे होता."

"आहे ना. कल्हई अजून जशीच्या तशी आहे काका. कढी त्याच्यातच करते रोज. ह्यालेही दुसरं काही चालत नाई, कढी अन् भात."

आम्ही दोघांनी त्या लेकराकडे पाहिलं. ते आईच्या खांद्यावर डोकं टाकून पडलं होतं. ओठ पांढरे होते. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, माझ्या पोरीचं, पाटीचं, सगळं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. लेकराला उद्याच नागपूरला न्यायचं, मी सोबत येते, असं ठरवलं. ती मान हलवत राहिली, तिला धड ऐकू तरी येत होतं की नाही कोण जाणे. मग आत गेली. आतून पाण्याचा आवाज आला, भांडं घासल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा गंज तिच्या दोन्ही हातांत होता, जड झालेला. त्यात नव्या धानाचे तांदूळ काठोकाठ भरले होते आणि वर गुळाचा खडा ठेवला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तशीच तिने तो बाबांपुढे धरला. लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं ती विसरली नव्हती.

बाबांनी हात पुढे केला नाही.

"रिकामं दे, माय," ते म्हणाले. "रिकामंच दे."